बिनलेबलच्या रेकॉर्डी

"अहो, सगळं यूट्यूबवर आहे, मग हा खटाटोप कशाला?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला भाच्यांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि रेकॉर्ड प्लेयरचं खोकं घरी आणून देणाऱ्या पोरानेही विचारला. प्रश्न अगदी रास्त आहे. नानांच्या संग्रहातली बरीचशी गाणी कुणी ना कुणी तिथे चढवलेली आहेतच, आणि आमच्यापेक्षा चांगल्या प्रतीवरून. पण मंडळी, शोधायला आधी नाव लागतं. आमची अडचण नेमकी नावाची होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातलं आमचं जुनं घर खालच्या मजल्यावर पूर्ण बुडालं होतं. माणसं आणि धान्य आधी हललं, ते बरोबरच होतं. एलपी वर माडीवरच्या कपाटात होत्या, त्या वाचल्या. ७८ च्या जाड काळ्या रेकॉर्डी मात्र खालच्या खोलीत लाकडी पेटीत होत्या. आठवड्याने पेटी उघडली तर आत गाळ. काही तडकल्या होत्या, काहींचा पापुद्रा सुटला होता, त्या टाकाव्या लागल्या. उरलेल्यांपैकी ३४ रेकॉर्डींची लेबलं पार विरघळून गेली होती. कुत्र्याचं चित्र नाही, कंपनी नाही, गाणाऱ्याचं नाव नाही. ३४ रेकॉर्डी म्हणजे ६८ बाजू. एकीवरून दुसरी ओळखू येऊ नये अशा.

ज्यांनी या रेकॉर्डी कधी हाताळल्या नाहीत अशा नातवंडांसाठी थोडं सांगते. (शाळा सुटली तरी खडू सुटत नाही!) ७८ ची रेकॉर्ड प्लास्टिकची नसते. ती लाखेची. तीच लाख, जिच्या बांगड्या होतात. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून गरम ठशात दाबायची. म्हणून ती जड आणि ठिसूळ. हातातून पडली की कपबशीसारखी फुटते. तिला स्पिरिट लावायचं नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने हलका हात, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि मग सावलीत सुकवायला ताटाळ्यात उभी. आमच्या ताटाळ्यात महिनाभर ताटं कमी आणि रेकॉर्डी जास्त असायच्या.

वर्गात मी एक कोडं घालायची: रेकॉर्डच्या एका बाजूवर किती खाचा असतात? मुलं शंभर म्हणत, हजार म्हणत. उत्तर एक. एकच खाच, गोगलगायीसारखी बाहेरून आत जाणारी. दहा इंची ७८ वर मिनिटाला ७८ फेरे, तीन मिनिटांचे २३४. सरासरी घेर अर्ध्या मीटरहून थोडा जास्त धरला, तर सुई सुमारे सव्वाशे मीटर चालते. एका गाण्याची वाट एवढी. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने गौहरजानची मुद्रणं केली, तेव्हापासून जवळजवळ साठसत्तर वर्षं आपलं गाणं या सव्वाशे मीटरच्या वाटेवरच चाललं. तीन मिनिटांत राग बसवायचा म्हणजे बसवायचा!

घरातला जुना प्लेयर कधीच दगावला होता. आतलं रबरी चाक कडक होऊन वेग कमीजास्त व्हायचा, आणि सूर झोके घ्यायचा. म्हणून तीन वेगांचा नवा प्लेयर घेतला. घेताना ७८ चा वेग आहे ना हे विचारून घ्यावं लागतं, पुष्कळांवर तो नसतो. नसला तरी अगदीच अडत नाही. रेकॉर्ड ४५ वर वाजवून भरून घ्यायची आणि संगणकात वेग १.७३ पट करायचा, हिशेब जमतो. सुई मात्र वेगळीच हवी. एलपीची खाच बारीक, ७८ ची तिच्या कितीतरी पट रुंद. एलपीची सुई ७८ मध्ये घातली तर ती खाचेच्या तळाशी, जिथे सगळी घाण बसलेली असते तिथे, खडखडत जाते. रुंद टोकाची सुई भिंतींना टेकून चालते, आणि गाणं भिंतींवर असतं.

पुढचं काम सोपं. प्लेयरची वायर संगणकाला, संगणकात ऑडासिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, लाल बटण दाबायचं आणि सुई ठेवायची. आवाजाची पातळी लाल रेषेच्या खाली राहिली पाहिजे, एवढं एक पथ्य. ७८ मध्ये डावा-उजवा असा भेद नसतो, म्हणून दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून मोनो करायचा. त्यात थोडी खरखर आपोआप कमी होते. एका बाजूची फाइल १७ एमबीच्या आसपास होते. ६८ बाजू मिळून सव्वा जीबीसुद्धा होत नाहीत. नानांनी वीस वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून जमवलेलं, पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावलं.

पण फाइलला नाव काय द्यायचं?

लेबल गेलं तरी रेकॉर्डच्या मधल्या गुळगुळीत भागात बहुधा एक क्रमांक उमटवलेला असतो. बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की भिंगातून तो वाचता येतो. जुन्या याद्या हाताशी असतील तर त्यावरून माग काढता येतो. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेतल्या मंडळींनी अशा याद्या आणि लेख छापायचं मोठं काम केलंय. काही क्रमांक मला वाचता आले. बाकीच्यांवर गाळाने आणि काळाने हात फिरवलेला. अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डींवर कलावंत शेवटी स्वतःचं नाव सांगायचे, कारण तबकड्या जर्मनीत दाबल्या जायच्या आणि तिथल्या माणसाला कोण गातंय ते कळायला हवं. आमच्या रेकॉर्डी त्यानंतरच्या, त्यामुळे तीही सोय नाही. उरला एकच कॅटलॉग. मिरजेत राहतो, वय ८७, नाव अण्णा.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमच्यात तेरा वर्षांचं अंतर. नाना रेकॉर्ड लावायचे तेव्हा दर बाजूला पोलादी पिन बदलायचं काम अण्णाकडे असे. एक पिन एक बाजू, हा नियम. म्हणजे प्रत्येक बाजू त्याने शेकडो वेळा हाताळलेली. मला त्यातलं फार थोडं आठवतं. मी मोठी होईपर्यंत घरात रेडिओ आणि मग एलपी आल्या होत्या. त्यामुळे या ३४ रेकॉर्डी ओळखू शकेल असा माणूस आता एकच. आणि त्याला ऐकू येत नाही.

अगदीच येत नाही असं नाही. कानाच्या डॉक्टरांनी त्याचा आलेख काढला तो मी पाहिला. डावीकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला, रेघ बऱ्यापैकी सपाट. मग दोन हजार कंपनांच्या पुढे घाट उतरावा तशी खाली. वयाने जाणारं ऐकणं असंच वरच्या टोकाकडून जातं. 'स', 'श', 'फ', 'त' या अक्षरांचा आवाज त्या वरच्या टोकाला असतो. त्यामुळे अण्णाला माणसं बोलतात ते कळतं, काय बोलतात ते कळत नाही. कानाचं यंत्र आहे, पण ते बोलण्यासाठी जुळवलेलं. त्यातून गाणं ऐकलं की तंबोरा शिट्टी मारतो म्हणतो. म्हणून गेली चार-पाच वर्षं त्याने गाणं ऐकणंच सोडलं होतं. 'आता आठवतं तेवढं पुरे,' असं म्हणायचा. वहिनी म्हणायच्या, हे वाक्य ऐकून मलाच रडू येतं.

मी सुरुवातीपासून प्रत्येक बाजूच्या दोन फाइली ठेवत होते. एक जशी भरली तशी, तिला हात लावायचा नाही. दुसरी साफ केलेली. साफ करायची पद्धत अशी: गाणं सुरू होण्याआधी नुसती खरखर असते तेवढा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा, ते त्यावरून खरखर ओळखतं आणि सगळ्या गाण्यातून वजा करतं. तडतड काढायचं वेगळं बटण आहे. जपून वापरलं तर छान. जास्त दाबलं तर गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं, आणि पुराचं पाणी बघितलेल्या माणसाला ते नकोच वाटतं.

मोठे, कान झाकणारे हेडफोन घेऊन मी मिरजेला गेले. यंत्र काढून ठेवायला लावलं. आधी साफ केलेली बाजू लावली. अण्णाने ऐकली, मान हलवली, काही बोलला नाही. मग तीच बाजू मूळची लावली. तीन-चार फेरे झाले असतील नसतील, अण्णा म्हणाला, "थांब. ही आपली आहे."

"आपलीच आहे रे, पण कुणाची?"

"थांब म्हटलं ना बेबी." (चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मी बेबीच.) "हे टक्-टक् होतंय ना? मनीने उडी मारली होती साउंडबॉक्सवर. नाना तिच्या मागे धोतर सावरत पळाले होते. ज्योत्स्नाबाई आहेत. 'कुलवधू'मधलं पद."

'कुलवधू' १९४२ चं नाटक. घरी येऊन यूट्यूबवर शोधलं. तेच पद, तोच आवाज, त्याच जागा. फक्त तिथे मांजरीची उडी नव्हती.

या गोष्टीचा मी नंतर पुष्कळ विचार केला, आणि मला ती अशी कळली. विजेवरची मुद्रणं १९२५ नंतर आली तरी त्या काळच्या ७८ वर पाच-सहा हजार कंपनांच्या वरचं गाणं फारसं नसतंच. गाण्याचा गाभा त्याच्या खाली. अण्णाचा कान जिथे अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, तिथेच. म्हणजे जुनं गाणं आणि जुना कान साधारण एकाच मापाचे निघाले. त्याचा पुतण्या मोबाइलवर नवीन चकचकीत मुद्रण ऐकवतो, त्यातलं अर्धं अण्णापर्यंत पोचत नाही. नानांची रेकॉर्ड मात्र बऱ्यापैकी पोचते. आणि जी सततची सूं-सूं खरखर मला छळत होती, ती बरीचशी वरच्या टोकाची असल्याने त्याला ऐकूच येत नव्हती! ओरखड्याचा टक् मात्र येत होता, कारण तो खालपासून वरपर्यंत सगळीकडे वाजतो. दर फेऱ्याला एक, म्हणजे पाऊण सेकंदाला एक. अण्णा प्रत्येक रेकॉर्ड तिच्या ओरखड्यांसकट ओळखत होता, जशी आपण माणसं चालीवरून ओळखतो.

तेव्हापासून मिरजेला मूळ फाइलीच जातात. फक्त दोन-तीन हजाराच्या आसपासचा भाग मी किंचित उचलून देते, म्हणजे शब्दांच्या कडा जरा लागतात. बाकी काही नाही.

दर शनिवारी आमची बैठक. दिवाळीत एका बैठकीत सहा बाजू व्हायच्या. हिराबाई, मास्टर कृष्णराव, जी. एन. जोशी, गजानन वाटवे... नाव नुसतं येत नसे, बरोबर सगळं बिऱ्हाड येई. ही कोणत्या दिवाळीला आणली, ही आईला आवडायची नाही पण ती तसं बोलायची नाही, ही लावली की शेजारचे काका खिडकीत येऊन बसायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लागली तेव्हा अण्णा काहीच बोलला नाही. मिरजेच्या दर्ग्याच्या दिशेने हात करून फक्त नमस्कार केला. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे.

एका बाजूला तो अडला. "आवाज ओळखीचा आहे पण माणूस हा नाही," म्हणाला. मग म्हणाला, "पट्टी चढलीय. हळू कर." जुन्या रेकॉर्डी सगळ्या बरोबर ७८ वर मुद्रित केलेल्या नसत, कुठे ७५, कुठे ८०. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर अख्खं एक घर सरकतो, काळी एकचा पांढरी दोन होतो. मी चार टक्के वेग उतरवला. अण्णाने पहिल्या आलापालाच नाव सांगितलं. ज्या माणसाला दारावरची बेल ऐकू येत नाही, त्याला पाऊण सूर चढलेला कळतो! ऐकणं कानात किती आणि डोक्यात किती, याचं उत्तर मला शाळेतल्या शास्त्राच्या पुस्तकात कधी सापडलं नव्हतं.

पण होळीच्या सुमारास बैठकीला दोनच बाजू होऊ लागल्या. तो दमायचा. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काही बाजूंना तो लगेच नाव सांगे आणि पुढचं लाव म्हणे. चौतीस वर्षं वर्गात घालवल्यावर, कळलं म्हणून हललेली मान आणि सुटका व्हावी म्हणून हललेली मान यांतला फरक मला कळतो. मी एक युक्ती केली. नाव सांगितलेली बाजू तीन आठवड्यांनी, काही न बोलता, पुन्हा लावायची. उत्तर तेच आलं तर पक्कं. बहुतेक वेळा तेच आलं. चार वेळा वेगळं आलं. चौथ्या वेळी अण्णा हेडफोन काढून म्हणाला, "परीक्षा घेतेस होय माझी?"

मी म्हटलं, "रेकॉर्डींची घेतेय."

"रेकॉर्डी पास आहेत गं," तो म्हणाला. "माझंच काही खरं नाही. लवकर आटप."

त्यानंतर आम्ही एलपींचं काम बाजूला ठेवलं. गीतरामायण कुठे पळून जात नाही. आधी बिनलेबलच्या. आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा जायला लागले. सकाळी दहाला, चहा झाल्यावर, कान आणि डोकं दोन्ही ताजं असताना.

आजचा हिशेब असा. ६८ पैकी ५४ बाजूंना अण्णाने नावं दिली. त्यातल्या ३१ मी यूट्यूबवर किंवा क्रमांकावरून ताडून पाहिल्या, जुळल्या. उरलेल्या २३ ताडायला माझ्याकडे काहीच नाही, फक्त त्याचा शब्द. त्या फाइलींच्या नावाशेवटी मी 'अण्णा म्हणतो' असं लिहिलंय. भाचा म्हणाला, हे काही शास्त्रीय नाही. मी म्हटलं, आहे. कोण म्हणतंय ते लिहिणं हीच शास्त्राची पहिली पायरी. उद्या कुणाला पुरावा सापडला तर त्याने ते दोन शब्द खोडावेत.

१४ बाजू अजून 'अनोळखी १' ते 'अनोळखी १४' आहेत. अण्णाने त्या प्रत्येकी तीनदा ऐकल्या. आता त्या मी त्याला लावत नाही. गेले दोन शनिवार आम्ही ओळखीच्याच ऐकतोय. प्रश्न नाही, वही नाही. तो डोळे मिटून मांडीवर ठेका धरतो, आणि टक् आला की मनीला शिव्या घालतो.

घरातल्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती आहेत: एक माझ्या संगणकात, एक अण्णाकडे पेनड्राइव्हवर, एक पुण्याला भाचीकडे हार्ड डिस्कवर. २०२१ मध्येही पाणी आलं होतं हे विसरू नका, एका गावात सगळं ठेवायचं नाही. आणि हार्ड डिस्क ही काही लाखेची तबकडी नव्हे. नानांच्या काही रेकॉर्डी ऐंशी वर्षं पेटीत पडून राहिल्या, आठवडाभर पाण्यात राहिल्या, आणि वाजल्या. डिस्क दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी नव्या डिस्कवर उतरवली पाहिजे. ते 'कुणीतरी' कोण, हे आपल्यात ठरायला हवं. मी पंचाहत्तरीकडे चाललेय. एवढं झाल्यावर मूळ रेकॉर्डी भंगारात द्याव्यात असं एकदोघांनी सुचवलं, त्यांना मी उत्तर दिलेलं नाही, हेच उत्तर समजावं.

या फाइली मी इथे चढवणार नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, पण शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. प्रत्येकाचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा घरात ऐकलेलं बरं.

पण आमच्या गावभागातल्या माडीवर १९५० च्या सुमारास जे कुणी बसलेत, खिडकीत येऊन बसणाऱ्या काकांची मुलं, नानांच्या शाळेतले कुणी, अशांपैकी कुणी हे वाचत असेल तर मला जरूर कळवा. त्या १४ बाजू मी तुमच्या घरी घेऊन येईन. हेडफोन आणते, प्लेयरची गरज नाही. चहा मात्र लागेल. आणि तुम्हाला नाव आठवलं तर शेवटी तुमचंही लिहीन, 'अमुक म्हणतात' म्हणून. तुमच्या कानांची परीक्षा घेणार नाही, हे वचन.